रबरी जबड्यांचं कलम

कॉलेजात त्यांचं खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं. बाकी सगळे त्यांना पक्कडबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. पण इतक्या मोठ्यांदा की तोंडावर म्हटल्यासारखंच. बाईंना त्याचं काही वाटत नसे. त्यांचा बाप गुरांच्या बाजारातला दलाल. बैलाचा ओठ वर करून दात बघायचा आणि म्हणायचा, "मालक, चार वर्षांचा म्हणता? हा तर माझ्या लग्नात जेवून गेलेला दिसतोय." पोरगी शेजारी उभी राहून बघायची. पुढे ती शिकली, दातांची डॉक्टर झाली आणि दातांच्याच कॉलेजात मास्तरीण झाली. म्हणजे घराण्याचा धंदा काही बदलला नाही, फक्त गिऱ्हाईक दोन पायांचं झालं.

बाईंना एक खोड होती. खोड तरी कशी म्हणावी, धंद्यानेच लावलेली सवय. समोरच्याला 'आ' करायला लावायचं, त्याच्या तोंडात आरसा, नळी आणि कापूस कोंबायचा आणि मग विचारायचं, "काय, घरी सगळे बरे?" तो बिचारा घशातून काहीतरी आवाज काढेपर्यंत बाईच म्हणायच्या, "बरेच असणार. धाकटीची परीक्षा झाली का? झालीच असेल." प्रश्नही बाईंचा, उत्तरही बाईंचंच. समोरच्याचं काम नुसतं डोळे फिरवायचं. नवरासुद्धा असाच मिळाला होता. तो वजनकाटे तपासणारा सरकारी निरीक्षक. दाढ दाखवायला आला होता. दाढ निम्मी कोरून झाल्यावर बाईंनी विचारलं, "आमच्या घरचे तुमच्याकडे बोलणी करायला येणार म्हणतात. तुमची हरकत नाही ना? नाही ना, बरं." नवरा अजूनही पाहुण्यारावळ्यांना सांगतो, "मी अजून हो म्हणालेलो नाही हां, लिहून ठेवा."

तर अशी ही बाई एका कायद्याच्या वाटेला गेली.

झालं असं, की दूर कुठल्याशा कॉलेजात एका विद्यार्थ्याने किडका दात सोडून शेजारचा धडधाकट दात उपटला. शिकवणारे सर तेव्हा चहाला गेले होते. पेपरात बोभाटा झाला. मग सभागृहात रुग्णांच्या सुरक्षेचं विधेयक आलं आणि त्यात एक कलम घुसलं: परवाना हाती पडेपर्यंत विद्यार्थ्याने जिवंत माणसाच्या तोंडात हात घालायचा नाही. काय शिकायचं ते रबरी जबड्यांवर.

ऐकायला झकास. पण रबरी जबडा ओरडत नाही, दचकत नाही, त्याला लाळ सुटत नाही आणि तो ऐनवेळी शिंकतही नाही. त्यावर शिकलेला डॉक्टर म्हणजे गादीवर पोहायला शिकलेला माणूस. शिवाय कॉलेजच्या तळमजल्यावर खुर्च्यांचा मोठा हॉल होता. बाहेरच्या बाकांवर सकाळपासून माणसं गाल धरून बसलेली असायची. हमाल, शिंपी, खानावळीत भांडी घासणाऱ्या बायका, शाळेचा शिपाई. बाहेरच्या दवाखान्याची पायरी त्यांना झेपणारी नव्हती. कलम मंजूर झालं असतं तर हॉलला कुलूप लागलं असतं. आणि बाईंचं निम्मं आयुष्य त्या हॉलात गेलेलं. कुठल्या खुर्चीचं पायपेडल अडकतं आणि कुठला दिवा चापट मारल्याशिवाय लागत नाही, हे त्यांना डोळे मिटून सांगता यायचं.

प्राचार्यांनी सगळ्या शिक्षकांना बोलावलं. "आमदारांना भेटून समजावायला हवं. कोण जाईल?"

सगळे बाईंकडे बघायला लागले. कारण एवढंच, की त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा. सोबतीला धाकटे सर. हे वयाने नव्हे, उंचीने धाकटे. पण डोकं थंड, कान तिखट.

बाईंनी घरी तालीम केली. नवऱ्याला आमदार करून खुर्चीत बसवलं. सासूबाई पलंगावरून बघत होत्या. घरात दातांची डॉक्टर आणि सासूबाईंचं तोंड मात्र बोळकं. कवळी करून दिलेली, ती पेल्यात पोहत असायची.

"आमदारसाहेब," बाई सुरू झाल्या, "तुम्ही म्हणाल, विद्यार्थ्याच्या हातून चूक झाली तर? मी म्हणते, चूक कोणाच्या हातून होत नाही?"

"पण मला असं विचारायचंय..." नवरा म्हणाला.

"तुम्हाला विचारायचंय की खर्चाचं काय. सांगते."

"मला खर्चाचं नाही विचारायचं."

"मग माणसांचं. तेही सांगते."

सासूबाईंनी हात वर केला. "सूनबाई, त्याला एकदा बोलू तरी दे गं. लग्नापासून वाट बघतोय."

"आई, आमदार मध्ये मध्ये बोलत नसतात."

"मग निवडून कसे येतात?"

बाईंनी तिकडे कानाडोळा केला. तालीम उत्तम झाली असं त्यांना वाटलं, कारण नवरा शेवटी गप्प बसला होता.

ज्या आमदारांच्या शब्दावर विधेयक तपासणाऱ्या समितीतली मतं फिरणार होती ते पूर्वी फुटबॉलचे पंच होते. त्यामुळे लोक त्यांना अजून पंचच म्हणत. शिट्टी गेली तरी सवय गेली नव्हती. माणूस कमी बोलायचा. प्रश्न एकदाच विचारायचा, उत्तर आलं तर आलं, नाही आलं तर मनातल्या मनात कार्ड दाखवून मोकळा व्हायचा.

त्यांची खोली छोटी होती. भिंतीला फायली टेकवून ठेवलेल्या, पंखा कुरकुरणारा, टेबलावर काचेखाली नातवंडांचे फोटो. पंच खुर्चीत मागे रेलून बसले होते. बाई समोर बसल्या आणि पंचांच्या डोळ्यांत बघायचं सोडून दातांकडेच बघायला लागल्या. खालचे पुढचे दात जरा दाटीवाटीने बसलेले. बाईंना तेवढ्यानेच धीर आला. ओळखीचा मुलूख.

मग त्या सुरू झाल्या. रबरी जबड्याचं सांगितलं, गादीवरच्या पोहण्याचं सांगितलं, बाकांवरच्या माणसांचं सांगितलं. बोलताना टेबलावरचा पेपरवेट उचलून दाढ कशी धरतात तेही दाखवलं. मधेच पंच पुढे झुकले आणि काहीतरी म्हणाले. बाई म्हणाल्या, "अगदी बरोबर, तुम्हाला काळजी वाटणारच, पण त्याचं असं आहे..." आणि नांगर पुढे हाकला. पंचांनी मान हलवली. बाईंना आनंद झाला. मान हलवणारा माणूस म्हणजे त्यांच्या हिशोबात बरा झालेला रुग्ण.

बाहेर आल्यावर जिना उतरताना त्या धाकट्या सरांना म्हणाल्या, "गडी पटला हो. कशी मान हलवत होता!"

धाकटे सर एक पायरी खाली थांबले, म्हणजे आणखीच धाकटे दिसायला लागले. "मॅडम, त्यांनी तुम्हाला एक प्रश्न विचारला होता."

"कधी?"

"तुम्ही पेपरवेट उपटत होतात तेव्हा."

"काय विचारलं?"

"तुमच्या स्वतःच्या तोंडात कधी विद्यार्थ्याला हात घालू दिलात का? असं विचारलं."

बाईंनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

"मान कशी हलवत होते बघितलंत ना?" धाकटे सर म्हणाले. "ती आडवी हलत होती, मॅडम. उभी नाही."

परतीच्या वाटेवर बाई गाडीच्या खिडकीतून बाहेर बघत बसल्या. दुखणं प्रश्न ऐकू न आल्याचं नव्हतं. दुखणं असं होतं, की खरं उत्तर 'नाही' होतं. त्यांचे स्वतःचे दात त्यांची जुनी वर्गमैत्रीण बघायची. त्यासाठी सुट्टी टाकून त्या दुसऱ्या गावाला जायच्या. हॉलातल्या एकाही खुर्चीत त्या कधी आडव्या झाल्या नव्हत्या. दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, ही म्हण त्यांनी वर्गात हसत हसत कितीदा वापरली असेल. आता ती त्यांच्याच अंगाशी आली.

दोन-चार दिवसांत पंचांच्या मदतनिसाकडून निरोप कळला: साहेब म्हणतात, बाई विषयाला बगल देतात, साहेबांचा कल कलमाच्या बाजूने आहे, समितीपुढे म्हणणं मांडायला मात्र एक संधी मिळेल, पुढच्या गुरुवारी दुपारी. प्राचार्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "त्या दिवशी जरा गोड बोला," ते म्हणाले, "आणि आवाज चढवू नका."

"आवाजाचं नंतर बघू," बाई म्हणाल्या, "आधी दाढेचं बघते."

त्यांची खालची डावी दाढ महिनाभर ठणकत होती. मैत्रिणीकडे जायला सवड झाली नव्हती. गुरुवारी सकाळी त्या कोट न घालता हॉलात आल्या आणि मधल्या रांगेतल्या एका खुर्चीत जाऊन आडव्या पडल्या. शेजारच्या खुर्चीतला हमाल 'आ' करायचा विसरला.

"कोण मोकळं आहे?" बाईंनी छताकडे बघत विचारलं.

सगळेच एकदम कामात गेले. मोकळी सापडली ती शेवटच्या वर्षाची एक मुलगी. तिला वर्गात पुटपुट म्हणायचे, कारण काम करताना प्रत्येक पायरी ती ओठांतल्या ओठांत म्हणायची. हात धुवा, आरसा घ्या, सुई तपासा. देवाचं नाव घ्यावं तसं.

"मॅडम, मी?" पुटपुट पांढरी पडली.

"तूच. नापास झालीस तर सगळ्यांत आधी मलाच कळेल."

"मॅडम, हे समितीला दाखवायला करताय का?" धाकट्या सरांनी हळूच विचारलं.

"उत्तर द्यायचं तर खरं द्यावं म्हणून करतेय. तुम्ही तिच्या मागे उभे राहा. चहाला गेलात तर उठून मारीन."

बाईंनी 'आ' केला आणि बघता बघता त्यांना कळलं, की वरचा दिवा किती डोळ्यांत घुसतो, लाळ ओढणारी नळी कशी जिभेला चिकटते आणि डॉक्टरच्या नाकाचे केस खालून किती स्पष्ट दिसतात. पुटपुट पुटपुटत होती. सुई आली. सुई तिरकी आली. बाईंच्या डाव्या डोळ्यातून पाणी काढूनच ती थांबली, तेही मागून धाकट्या सरांनी पुटपुटचं मनगट धरलं म्हणून. "बाहेर घे. घाबरू नकोस. कोपर खाली. आता बघ, हाडाला बोट लाव, तिथून सरळ." दुसऱ्यांदा सुई गेली ती लोण्यात गेल्यासारखी. जरा वेळात ओठ बधिर, जीभ बधिर, अर्धी हनुवटी गायब.

पुटपुटने कीड कोरून काढली. छान काढली. बाई मनात तिला मार्क देत होत्या, तेवढ्यात धाकट्या सरांचा फोन वाजला. दोन वाक्यं ऐकून ते खुर्चीवर वाकले.

"मॅडम, समितीची दुपारची बैठक रद्द झाली. आत्ताच बसलेत. आत्ता पोचलो तर पोचलो, नाहीतर आपली पाळी गेली. येतो म्हणून सांगू ना? सांगतो."

बाईंच्या घशातून आवाज आला. डोळे गरागरा फिरले. एक हातही वर गेला. पण धाकटे सर केव्हाच पाठ फिरवून फोनमध्ये म्हणत होते, "हो हो, निघालोच."

पुटपुटने घाईघाईने दाढेत तात्पुरतं सिमेंट भरलं. बाई उठल्या, गाडीत बसल्या आणि बोलून बघितलं. "विद्यार्थी" म्हणायचं होतं. बाहेर पडलं ते "विव्यावी" असं काहीतरी. त्यांनी तीनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा थेंबभर लाळ हनुवटीवरून ओघळली आणि त्यांना पत्ताही लागला नाही. धाकट्या सरांनी रुमाल पुढे केला.

"मॅडम, मी बोलू का तुमच्याऐवजी?"

बाईंनी मान हलवली. आडवी.

समितीची खोली लांबट होती. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, माइक. बाजूला दोन-तीन जांभया देणारे अधिकारी. पंच मधोमध बसलेले. बाईंना बघून त्यांनी घड्याळाकडे बघितलं, जणू आता जादा वेळ द्यावा लागणार.

बाई माइकसमोर बसल्या. नेहमीची गाडी सुरू करायला तोंड उघडलं आणि गाडीची दोन चाकं जागेवर नव्हती. त्या थांबल्या. खोलीत शांतता पसरली. अशी शांतता बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा निर्माण केली असेल.

पंचांना ती अपेक्षित नव्हती. ते पुढे झुकले. "बाई, त्या दिवशी मी एक प्रश्न विचारला होता. मी दुसऱ्यांदा विचारत नाही कोणाला. पण आज तुम्ही गप्प आहात म्हणून विचारतो. तुमच्या स्वतःच्या तोंडात कधी विद्यार्थ्याचा हात गेलाय?"

"आज शकाळी," बाई म्हणाल्या. आणि रुमाल हनुवटीला लावला.

टेबलाच्या टोकाचा एक आमदार फिस्सकन हसला. मग दुसरा. पंच हसले नाहीत.

"आज सकाळी. आणि त्याआधी?"

"नाही."

"का नाही?"

नेहमीच्या जिभेने बाईंनी या 'का'भोवती पाच मिनिटांचं कुंपण घातलं असतं. आज जिभेला तेवढं चालवत नव्हतं.

"भीती," त्या म्हणाल्या.

अधिकाऱ्यांच्या जांभया बंद झाल्या. धाकट्या सरांनी कपाळाला हात लावला.

"तुम्हाला भीती," पंच सावकाश म्हणाले, "तर बाकावर बसलेल्या हमालाला भीती नको?"

"हवीच," बाई म्हणाल्या. शब्द घरंगळत होते, पण एकेक करून त्या ते पकडून बाहेर काढत होत्या. "शुई तिरकी आली. दुखलं. मागे शर उभे होते. हात धरला. शरळ केली. मग नाही दुखलं." त्यांनी दम घेतला. "त्या कॉलेजात दात चुकला. मागे कोणी नव्हतं. पोराला हाकलू नका. मास्तराला उभं करा. तेवढं लिहा कायद्यात."

पंचांनी समोरचा मसुदा पुढे ओढला. मग धाकट्या सरांकडे वळले. "उभे होतात?"

"पूर्ण वेळ."

"रोज असता?"

बाईंनी धाकट्या सरांकडे बघितलं. "रोज नाही," ते म्हणाले. "खरं सांगायचं तर कोणीच रोज नसतं. केबिनमध्ये बसतो, हाक आली की जातो."

"हं," पंच म्हणाले आणि समोरच्या मसुद्यावर पेन्सिलीने काहीतरी खरडलं. "पुढचे कोण आहेत?"

एवढंच. ना हो, ना नाही. बाहेर आल्यावर प्राचार्यांचा फोन. "गोड बोललात ना?" बाईंनी फोन धाकट्या सरांच्या हातात दिला. धाकटे सर म्हणाले, "मोजकं बोलल्या." पलीकडे प्राचार्यांना वाटलं, बाईंना काहीतरी झालंय.

विधेयकावरच्या मतदानाच्या दिवशी बाई आणि धाकटे सर सभागृहात प्रेक्षकांच्या गॅलरीत जाऊन बसले. शेजारी शाळेची सहल आलेली, कडेला एक पहारेकरी बोलू नका म्हणून खुणावणारा. खाली कोणी बोलत होतं, कोणी कागद चाळत होतं, कोणी सरळ डुलकी काढत होतं. बाई चष्मा शोधायला पिशवीत वाकल्या. खाली 'हो'चा एक गलका झाला आणि विरला.

"काय झालं?" चष्मा लावत बाईंनी विचारलं.

"झालं," धाकटे सर म्हणाले.

"काय झालं?"

"कायदा."

"एवढ्यात? माझी दाढ भरायला याच्यापेक्षा जास्त वेळ लागला!"

पहारेकऱ्याने डोळे वटारले. दोघं बाहेर आले. मदतनिसाने छापील प्रत आणून दिली. रबरी जबड्यांचं कलम उडालं होतं. त्या जागी नवं होतं: विद्यार्थी रुग्णाला हात लावू शकेल, पण शिकवणारा खुर्चीपासून हातभर अंतरात उभा असेल तरच. उभा असं स्पष्ट लिहिलेलं. बसलेला चालणार नाही. उल्लंघन झालं तर जबाबदारी शिक्षकाची.

कॉलेजात या बातमीचं स्वागत कसं व्हावं यावर एकमत झालं नाही. हॉल वाचला म्हणून विद्यार्थी नाचले. शिक्षकांच्या खोलीत मात्र सुतकी चेहरे. सगळ्यांत ज्येष्ठ सरांनी गुडघ्यावर हात ठेवून विचारलं, "म्हणजे आता दिवसभर उभं? माझे गुडघे बघितलेत का?"

"बघितले," बाई म्हणाल्या. "माझेही तसेच आहेत."

"तुम्हाला कलम काढायला पाठवलं होतं. तुम्ही ते आमच्याच गळ्यात बांधून आलात!"

"हॉलला कुलूप हवं होतं का?"

"तसं नाही म्हणत मी."

"मग?"

बाईंनी खरंच उत्तराची वाट बघितली. ज्येष्ठ सरांना ते इतकं नवं होतं, की त्यांनी आधी दोनदा घसा खाकरला. मग म्हणाले, "पाळ्या तरी लावा. आणि पाळीच्या मधे बसायला एक स्टूल."

"पाळ्या लावू. स्टुलाचं कायद्यात नाही."

प्राचार्य मधे पडले. "बाई, सरळ सांगा, आपण जिंकलो की हरलो?"

"जिंकलो," बाई म्हणाल्या. "आणि कामाला लागलो."

त्यावर कोणी काही म्हणणार तोच दार ढकलून पुटपुट आत आली. तिच्या खुर्चीत खानावळीतली एक बाई 'आ' करून बसली होती, शेजारच्या खुर्चीत एक, त्यापलीकडे आणखी दोन. सगळे विद्यार्थी हातात आरसे घेऊन ताटकळले होते. नवा कायदा सगळ्यांनी वाचलेला, कोणी सुईला हात लावायला तयार नव्हतं.

"मॅडम," पुटपुट म्हणाली, "लवकर कोणीतरी उभं राहा. त्यांचे जबडे दुखायला लागलेत."

ज्येष्ठ सर कुरकुरत उठले, चपला पायात सरकवल्या आणि म्हणाले, "चला, पहिली रांग माझी. पण बाई, संध्याकाळी माझे पाय तुम्ही दाबायचे."

"नवऱ्याला पाठवते," बाई म्हणाल्या आणि कोटाच्या बाह्या दुमडत मधल्या रांगेकडे निघाल्या.